तिसरा महिना सरताना : भावी बापांसाठी नियमावली

गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत बाईचे शरीर रात्रंदिवस कामाला जुंपलेले असते आणि बापाला करण्यासारखे काहीही नसते. सर्व उपद्रवांचे मूळ या रिकामपणात आहे. प्रस्तुत नियमावली समस्त भावी बापांसाठी असून ती डोंबिवलीच्या माझ्या एका भाच्याला उद्देशून आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. त्याने तर मुळीच घेऊ नये.

कलम १ : कालगणना. डॉक्टर आठवडे मोजतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पहिले दोन आठवडे मूल नसतानाच जमेस धरले जातात. घरातल्या बायका महिने मोजतात. मोबाइलमधले अ‍ॅप फळे मोजते. बाराव्या आठवड्यात बाळ डोक्यापासून बुडापर्यंत सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटर भरते, तेव्हा ‘या आठवड्यात लिंबाएवढं’ हे अ‍ॅपचे म्हणणे रास्त आहे. मात्र बापाने बाजारातून मापाचे लिंबू निवडून आणू नये, ते टीव्हीशेजारी ठेवू नये, आणि कोणी ते वरणावर पिळले तर दोन दिवस अबोला धरू नये.

कलम २ : गुप्तता. तिसरा सरेपर्यंत बाहेर सांगायचे नाही, अशी रीत आहे. तिला हसू नये. गर्भ न टिकण्याच्या बहुतेक घटना याच काळात घडतात, आणि तसे झालेच तर चाळीसजणांना पुन्हा फोन करून सांगणे कोणाला झेपणार? पण या रीतीची दुसरी बाजूही बापाने पाहावी. गुपित पाळायचे म्हणजे सूनबाईने ऑफिसात उलटी करून यायचं, तोंड धुवायचं आणि मीटिंगमध्ये हसून बसायचं. यात गुप्तता तिची आणि पेढ्यांची घाई याची. शिवाय गुपित फोडतो तोच. सोसायटीच्या जिन्यात ‘सध्या आम्ही स्कूटरवर बसत नाही’ असे कोणी न विचारता सांगणारा पुरुष दुसरे काय जाहीर करत असतो? आमच्याकडे चोरओटी भरली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू खण-नारळ घेऊन आपणहून वर आल्या.

कलम ३ : वास. बापाने डिओडरंट सोडावे. कांदा-लसणाच्या फोडणीला घराबाहेर घालवता येत नसेल, तर निदान दार लावून घ्यावे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तिच्या हाती काहीतरी कोरडे द्यावे, चुरमुरे किंवा खाकरा. मग दिवसभर थोडे थोडे खायला. आल्याची वडी बऱ्याचजणींना सोसते. मळमळीशी ज्याचा संबंध जोडतात ते एचसीजी हे संप्रेरक साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात शिगेला पोहोचून उतरू लागते, म्हणून अनेकींना चौथा लागताना हायसे वाटते. अनेकींना, सगळ्यांना नव्हे. ‘कालच बारा आठवडे पूर्ण झाले, आता थांबायला हवं’ असे कॅलेंडर दाखवून सांगणाऱ्या नवऱ्याचे काय करावे, हे या नियमावलीच्या कक्षेबाहेर आहे.

पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, रक्त दिसले, पोटात जोराची कळ आली किंवा ताप चढला, तर फॅमिली ग्रुपवर विचारायचं नाही, मलाही विचारायचं नाही. थेट डॉक्टर.

कलम ४ : एनटी स्कॅन. हे या तिमाहीचे महत्त्वाचे प्रकरण. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस, एवढ्यातच ही सोनोग्राफी होते. बाळाच्या मानेमागच्या पातळ द्रवाची जाडी मोजतात. जोडीला आईच्या रक्ताची डबल मार्कर चाचणी असते. ‘हिच्या पाळीच्या तारखेत जरा गोंधळ आहे’ म्हणत वेळ घालवू नये. मुदत टळली की मोजमाप हुकले.

काही सेंटरवाले पाणी पिऊन यायला सांगतात. हे फक्त तिला सांगितलेले असते. सहवेदना म्हणून बापानेही लिटरभर पिऊ नये, कारण मग ऐन वेळी तो पडद्यासमोर नसतो, भलतीकडे असतो.

बाळ हवे तसे वळत नाही. डॉक्टर ‘जरा फेऱ्या मारून या, काहीतरी खाऊन या’ म्हणतात. तेव्हा हट्टीपणा कोणत्या घराण्यातून आला, ही चर्चा व्हरांड्यात करू नये.

तिथे एफ फॉर्म भरावा लागतो, आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे तिला सही करून द्यावे लागते. भिंतीवर पाटी असते, ती शोभेची नाही. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, मग 1994 साली केंद्राचा आला. एवढं होऊनही घरी परतल्यावर एक काका डोळा बारीक करून ‘काही कळलं का?’ विचारतातच. त्यांना सांगावे : हो, ठोके छान आहेत. आणि चहासुद्धा देऊ नये.

अहवालात एकास अमुक हजार असा आकडा येतो. ती शक्यता असते, निदान नसते. रात्री दीड वाजता त्यावर शोध घेत बसण्याऐवजी सकाळी डॉक्टरांना विचारावे.

कलम ५ : गर्भसंस्कार. बाराव्या आठवड्यात बाळाला ऐकू येत नाही. व्याख्यान फक्त बायकोला ऐकू येते. अर्जुन बोलत राहिला आणि सुभद्रा झोपली, यात दोष सुभद्रेचा नव्हता.

कलम ६ : गोळ्या. पहिल्या तिमाहीत फॉलिक अ‍ॅसिड. चौथा लागला की लोह आणि कॅल्शियम सुरू होते. ही दोन एकत्र गिळायची नाहीत, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. लिंबूसरबत चालेल. (टीव्हीशेजारचे लिंबू येथे वापरावे.) शौचाला काळे होते, घाबरू नये.

कलम ७ : लोकल. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते. पण तिसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही. गर्भाशय नुकते कुठे ओटीपोटाच्या हाडाच्या वर डोकावत असते. म्हणून डॉक्टरांचे पत्र पर्समध्ये ठेवावे आणि बघणाऱ्यांना खुशाल बघू द्यावे.

कलम ८ : छायाचित्र. सोनोग्राफीचा फोटो उष्णतेवर उमटणाऱ्या कागदावर छापतात. तो खिडकीत ठेवला तर फिकटतो. लॅमिनेशनच्या यंत्रातून काढला तर काळाठिक्कर पडतो. हे कोणी सांगत नाही. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक नव्हतं. तो बिचारा वीस रुपये परत देत होता, आणि आमचा सहा फुटांचा घोडा ते काळं प्लॅस्टिक हातात धरून भर रस्त्यात रडत होता. मला फोन केला. बोलताच येईना. माझ्या तर पोटात गोळा आला. कळल्यावर आधी शिव्या घातल्या, मग म्हटलं, अरे, फाइलमध्ये अजून दोन आहेत, त्यांचा मोबाइलवर फोटो काढ आणि जेवून घे.

कलम ९ : पेढे. चौथा लागल्यावर वाटावेत. साखर कमी असलेले आणू नयेत; मधुमेह मला आहे, तरी मी खाणार आहे.