दुसरे गुरुजी

बिरवाडीच्या नाक्यावर सकाळी कंपनीची बस येते आणि पहिल्या पाळीचे कामगार चढतात. थोड्या वेळाने तिथेच व्हॅन येते, तिच्यात त्यांची मुलं चढतात. बाप एमआयडीसीत, म्हणजे घराजवळच. सहा वर्षांचं पोर मात्र अर्ध्या झोपेत महाडला. जिल्हा परिषदेची शाळा त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पॅकिंगला कंत्राटात असलेल्या एका बापाने मला विचारलं, “दादा, धाकट्याला कुठं टाकू?” त्याच्यासोबत जवळच्या शाळेत जाऊन आलो. पोरं सतरा, इयत्ता चार, गुरुजी एक. दुसरीला वाचायला देऊन ते चौथीचे भागाकार तपासत होते. तेवढ्यात पोषण आहाराची नोंद आली, मग तालुक्याहून फोन, माहिती आजच भरा. पहिलीची पोरं खिडकीत बसून रस्ता बघत होती. त्यांच्यापर्यंत गुरुजी पोचले तेव्हा खिचडीची वेळ झाली होती.

परतताना बाप म्हणाला, “माणूस चांगलाय हो. पण एकटाय.”

इंग्रजीच्या वेडापायी लोक मराठी शाळा सोडतात, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी एक दिवस त्या खिडकीत बसावं. हा बाप इंग्रजीबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त माणसं मोजली.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की पहिली ते पाचवीला साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. मग दुसरे गुरुजी गेले कुठे? कोकणात मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले शिक्षक बरेच. आंतरजिल्हा बदली मिळाली की ते आपल्या गावी जातात. जावंच त्यांनी, म्हातारे आईबाप तिकडे आहेत. पण त्यांच्या जागी माणूस आणणं हे प्रशासनाचं काम, आणि ते होत नाही. जागा रिकामी राहते. दोन-तीन घरं दाखले काढतात. पट घसरतो. मग तोच घसरलेला पट शाळेविरुद्धचा पुरावा म्हणून कागदावर चढतो. उपाशी ठेवून वजन करायचं आणि वजन कमी भरलं म्हणून ताट काढून घ्यायचं, असा हा कारभार आहे.

२०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायला काढल्या. २०२३ मध्ये मर्यादा वीसवर गेली, राज्यातल्या १४,७८३ शाळा यादीत आल्या आणि ‘समूह शाळा’ हे नाव पुढे आलं. लहान शाळा मिटवायच्या, मुलं एका मोठ्या शाळेत न्यायची. कशातून न्यायची? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर प्रवासभत्ता बँकेत जमा होईल, पण गाडी वर चढणार नाही. नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तो किलोमीटर नकाशावर सपाट असतो. जुलैत त्यात एक ओढा असतो, एक निसरडा चढ असतो आणि साकव असलाच तर त्यावरून पाणी जात असतं. २२ जुलै २०२१ ला तळियेत, केवनाळ्यात, साखर सुतारवाडीत डोंगर खाली आला, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. या वाटेवर पहिलीचं पोर एकटं कोण पाठवेल? मुलगा असेल तर मामाकडे मुंबईला जाईल. मुलगी घरी राहील. मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटते.

आणि राज्य सरकारनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये उलटा नियम काढला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट. म्हणजे गरिबाला जवळची शाळा पुरेशी आहे! मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. पण प्रश्न उरतोच. जवळची शाळा पुरेशी आहे, तर तिथे दुसरा शिक्षक द्या. पुरेशी नाही, तर दूर जाणाऱ्याची वाट अडवू नका.

एमआयडीसीतल्या कारखानदारांनाही सांगायचंय. नफ्याच्या ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, आणि त्यात शिक्षण बसतं. भिंती रंगवून, दप्तरं वाटून फोटो झाले. आता गावातल्याच डी.एड. झालेल्या मुलीला वर्षभराचं मानधन द्या आणि पहिलीच्या वर्गात बसवा. कायम शिक्षकाची जागा भरण्याचं सरकारचं काम त्याने टळू नये, पण तोवर खिडकीतली पोरं वळून फळ्याकडे तरी बघतील.

मी त्या बापाला काय सांगितलं? जवळ टाक म्हणालो. दुपारी भूक लागली तर पोर चालत घरी येतं, पाऊस वाढला तर आई पाच मिनिटांत पोचते, आणि व्हॅनचे पैसे वाचतात. तो ऐकून घेत होता. थोरल्या मुलीचा याच शाळेतून तिसरीचा दाखला काढायचा अर्ज त्याच्या खिशात होता, तो घडी घालून परत ठेवत म्हणाला, “दुसरे गुरुजी कधी येणार ती तारीख आणून द्या. तोवर हा अर्ज देत नाही.”

तारखेसाठी मी सोमवारी पंचायत समितीत जातोय.