पंधरा किलो फुकट

अमरावती ते मुंबई हवाई अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर, उड्डाण पावणेदोन तासांचं. हे मी कामरगावात मामांना ऐटीत सांगितलं. मामा म्हणाले, "अन् इथून अमरावतीले काय उडत जातं काय?"

१६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ होतं. समृद्धी महामार्ग जवळच्या कारंज्यावरूनच जातो, पण दुसऱ्याच्या गाडीत मला मळमळतं आणि स्वतःची येत नाही चालवता. रेल्वेत मी वरच्या बर्थवर चढू लागलो की खालचा प्रवासी देवाचं नाव घेतो. वजन ९४ किलो. ते पुढे कामी येणार आहे.

कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन झालं. सोहोळच्या अभयारण्यात काळवीट दिसले, म्हणजे पळताना दिसले. बाकीचा वेळ बॅगेत गेला.

विमानात सामान पंधरा किलोच फुकट, हे मी बोलून बसलो. मामांनी लगेच बॅग उचलून आडत्याकडे सोयाबीनच्या काट्यावर नेली. पोती बाजूला झाली, माणसं गोळा झाली. लाल आकडे उमटले : १९ किलो ४०० ग्रॅम. मामींची नवी तूरडाळ, सांडगे, कुरड्या, ज्वारीचं पीठ. काय काढायचं यावर चर्चा झाली आणि एकमताने माझी पुस्तकं बाहेर आली. ती दोन किलोही भरली नाहीत. "हलकंच साहित्य दिसते," आडत्या म्हणाला.

अजून अडीच किलो जास्त होतं. मामा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिले.

"काऊन रे, तुयं वजन नाही करत काय ते?"

"नाही. माणसांचं सरासरीने धरतात."

"मंग दाय खिशात भर ना!"

विमानशास्त्राला याचं उत्तर नाही. भर उन्हाळ्यात मला जाकीट चढवण्यात आलं.

निघताना मामींनी हळूच विचारलं, "इमानातून आपलं घर दिसते काय रे?" आई माहेरी यायची तेव्हा मूर्तिजापूरहून शकुंतला आगगाडीत बसायची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती गाडी १९९४ पर्यंत ओढली; घाई कुणालाच नव्हती. मामी तेव्हा नवी नवरी, नणंदेला घ्यायला कारंज्याच्या फलाटावर उभी राहायची. आई गेली, गाडीही बंद पडली. घर दिसत नाही, हे मला सांगवेना.

मग अमरावतीपर्यंत काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हरशिवाय कुणी ठरवू शकत नाही. माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर, पोराच्या हातात कोंबडी. एका गचक्याला डाव्या खिशाची शिवण उसवली. विमानतळावर तपासणीच्या जवानाने छातीवर हात फिरवला, तर आतून खळखळ.

"ये क्या है?"

"दाल."

"कितनी?"

"ढाई किलो."

जाकीट उतरवताना चकचकीत फरशीवर अर्धा पाव तूर सांडली. मागची रांग ती चुकवत टाचांवर चालली. जवान भला माणूस. त्याने स्वतः ट्रे आणून दिला आणि माझी डाळ यंत्रातून एकटी, मानाने पुढे गेली.

आमचं विमान पंख्यांचं, एका बाजूला दोन खुर्च्या. मला खिडकी नव्हती. मुंबईला उतरल्यावर मामींचा फोन : "मी गच्चीवरून पाह्यलं रे इमान! तूच होता ना?"

मी हो म्हणेपर्यंत मामांनी फोन ओढला.

"पुढच्या खेपेले कोट घालून ये. त्याले आतूनही खिसे असतात."