दोन आठवड्यांत जगाचे कल्याण: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष संपत आले आहे. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या निबंधात ‘समाजकार्य’ या मथळ्याखाली, गणपतीची वर्गणी गोळा केली यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही. खालच्या मजल्यावरच्या जोशांची मुलगी मात्र टांझानियातल्या शाळेत शिकवून आली आणि तेव्हापासून जोशीकाकू जिन्यात भेटल्या की किलिमांजारोच्या हवामानाबद्दलच बोलतात. सेवेची तळमळ लागायला एवढे कारण पुरे. पुढचे सगळे या मार्गदर्शिकेवर सोपवा.

पायरी पहिली: देश निवडणे

देश गरीब हवा, पण गैरसोयीचा नको. ‘गरज कुठे आहे?’ हा प्रश्न नवशिके हमखास विचारतात. तो विचारू नये. शनिवार-रविवारी कुठे जाता येईल ते आधी पाहावे. टांझानियात सेवा केली तर सेरेंगेटी जवळ पडते, कंबोडियात केली तर अंगकोरची देवळे. भारतीयांना नेपाळ सर्वांत सोपे, कारण 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे तिथे व्हिसा लागत नाही. बाकीच्या देशांतून येणाऱ्या सेवाभावी मंडळींना पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही करायला नेपाळी कायद्याने मनाई आहे. तरी ती येतात आणि करतात. तळमळीपुढे कायद्याचे काय चालणार!

नेपाळबाबत एक सोयीची गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिथली बहुतेक बालगृहे काठमांडू खोऱ्यातले तीन जिल्हे, पोखरा असलेला कास्की आणि गेंडे असलेला चितवन एवढ्या पाच जिल्ह्यांत सापडतात. दुर्गम हुमला जिल्ह्यात ती शोधू नका. हुमल्यातली मुलेच काठमांडूत आणून ठेवलेली आहेत. ती का आणि कुणी आणली, याची चौकशी या पायरीवर अपेक्षित नाही.

पायरी दुसरी: शिकवणे आणि बांधणे

पात्रता: इंग्रजी येणे. पुण्यातल्या कुठल्याही शाळेत तिसरीच्या वर्गावर जायचे म्हटले तर डी.एड. विचारतील, टीईटी विचारतील आणि दोन्ही नसेल तर शिपाईमामा फाटकावरूनच परत पाठवतील. परदेशात असला जाच नाही. पहिल्याच दिवशी खडू हातात मिळतो आणि वर्गाचे नेहमीचे शिक्षक मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांना मुलांची भाषा येते, मागच्या आठवड्यात काय झाले ते ठाऊक असते आणि परीक्षाही तेच घेणार असतात. पण या पंधरवड्यात त्यांनी मध्ये बोलू नये.

धडा कुठला घ्यावा याची चिंता नको. डोके, खांदे, गुडघे यांचे ते इंग्रजी गाणे घ्यावे. मुलांना ते आधीपासून येते. तुमच्या आधी आलेल्याने तेच शिकवले होते आणि त्याच्याही आधीच्याने तेच. तरीही मुले पहिल्यांदाच ऐकल्यासारखी खिदळतात, कारण पाहुण्याचे मन कसे राखावे हे ती तुमच्यापेक्षा आधी शिकलेली असतात.

शिकवणे जमले नाही तर बांधकाम घ्या. पिप्पा बिडल या अमेरिकन लेखिकेने 2014 मध्ये आपला टांझानियातला अनुभव लिहिला. शाळेच्या सहलीतल्या मुलींनी दिवसभर विटा रचायच्या आणि रात्री गावातल्या माणसांनी त्या उतरवून नीट पुन्हा रचायच्या, असे ते चालले होते. मुलींना पत्ता लागू नये म्हणून काम रात्री. यातून घेण्याचा धडा असा: रात्री लवकर झोपावे. त्या गवंड्यांना तुमच्या तिकिटाच्या पैशांत किती दिवसांची मजुरी मिळाली असती, असला हिशेब प्रवासात डोक्याला ताप देतो.

पायरी तिसरी: अनाथ मिळवणे

हा सगळ्या मोहिमेचा कळस आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नेपाळमध्ये 1996 ते 2006 या काळात माओवादी युद्ध चालू होते. हुमला ज्या भागात येतो त्या कर्णालीकडच्या आईबापांना भीती होती की मुलाला बंडखोर उचलून नेतील. दलाल दारात आले. ‘काठमांडूला नेतो, बोर्डिंगात घालतो, शिकवतो’ म्हणाले आणि त्याचे पैसे आईबापांकडूनच घेतले. काहींनी त्यासाठी जमीन विकली. पुढे शहरात कागद तयार झाले आणि त्या कागदांवर आईबाप वारले. मुलगा बालगृहात गेला आणि देणगीदाराला दाखवण्याजोगा अनाथ झाला. युद्ध संपले, धंदा चालू राहिला. मुलांना मुद्दाम हाडकुळे ठेवणारी बालगृहेही उघडकीला आली, कारण गुबगुबीत मूल पाहून कुणाचा हात पाकिटाकडे जात नाही. कंबोडियात युनिसेफने पाहणी केली, तेव्हा बालगृहांतल्या चारांपैकी साधारण तीन मुलांच्या आईबापांपैकी निदान एक जण हयात निघाला. तिथे बालगृहांची संख्या पर्यटकांबरोबर वाढत गेली होती.

म्हणजे अनाथ होते म्हणून पाहुणे आले नाहीत. पाहुणे येत होते म्हणून अनाथ लागले.

ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यवहाराला माणसांच्या व्यापारातच मोजले. नवशिक्याने अशा बातम्या जाण्याआधी वाचू नयेत. तिथे पोचल्यावर फक्त दोन पथ्ये पाळावीत. एक, ‘तुझी आई कुठे असते?’ असे मुलाला कधीही विचारू नये. एखादे वेळी ते सांगेल. दोन, अनोळखी मुलाने पाच मिनिटांत गळ्यात हात टाकले तर तो आपल्या स्वभावाचा गोडवा समजावा. घरची मुले अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जातात आणि हे मूल सरळ मांडीवर येऊन बसते, त्याला कारण आहे. दर पंधरा दिवसांनी नवा दादा किंवा नवी ताई येते, जीव लावते आणि विमानाने निघून जाते. असे कितीतरी जण झाल्यावर मूल जीव लावणे बंद करते, मिठी मारणे चालू ठेवते. पण हा विषय बालमानसशास्त्राचा आहे आणि तुमचे तिसरे वर्ष मेकॅनिकलचे.

पायरी चौथी: आरोग्य केंद्रात

इथला नियम अगदी सोपा: पुण्याच्या ससून रुग्णालयात ज्या कामाला हात लावला तर वॉर्डबॉयसुद्धा हाकलून देईल, तेच काम तिथे ‘अनुभव’ म्हणून मागून घ्यावे. टाके घालणे, इंजेक्शन देणे, बाळंतपणाला उभे राहणे. डॉक्टर व्हायचे ‘ठरवले’ आहे एवढी पात्रता चालते. रुग्ण बाईला तुम्ही कोण हे ठाऊक नसते. पांढरा कोट आणि परदेशी चेहरा पाहून ती डॉक्टर समजते. तिचा गैरसमज दूर करण्यात वेळ घालवू नका.

‘कुठे दुखतंय?’ हे स्वाहिलीत विचारता येत नसेल तर केंद्रातल्या नर्सला हाताशी घ्या. चार बायका तपासायच्या सोडून ती तुमच्यासाठी दुभाषाचे काम करील. केंद्रात नर्स एकच असेल तर रांग थांबेल. रांगेला थांबायची सवय असते.

जाताना घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी अवश्य न्या. दान दिलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर निदान वर्षभर तरी शिल्लक असावी आणि त्यावरची माहिती तिथल्या डॉक्टर-नर्सना वाचता यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जगभरातून इतकी निरुपयोगी औषधे येऊन पडली की त्यांची विल्हेवाट लावणे हेच वेगळे काम होऊन बसले. पण आपली क्रोसिनची अर्धी स्ट्रिप प्रेमाने दिलेली असते.

पायरी पाचवी: वन्यजीव वाचवणे

लहान मुलांची ॲलर्जी असेल तर दक्षिण आफ्रिकेत जाऊन सिंहाचे छावे वाचवावेत. पैसे भरले की छाव्याला बाटलीने दूध पाजता येते, कुशीत घेऊन फोटो काढता येतो. छावा अनाथ आहे, आई त्याला टाकून गेली, मोठा झाला की जंगलात सोडणार, असे सांगतात. प्रत्यक्षात आई पलीकडच्याच कुंपणात असते. पिल्लू थोड्या दिवसांचे झाले की तिच्यापासून काढून घेतात, म्हणजे ती लवकर पुन्हा गाभण राहते. माणसाच्या हातून वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. मोठे झाल्यावर अशा सिंहांपैकी कितीतरी कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात आणि हाडे आशियातल्या बाजारात जातात. 2015 च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हे सगळे जगासमोर मांडले आणि 2021 मध्ये तिथल्या सरकारने हा धंदा बंद करण्याचे धोरण जाहीर केले. काठमांडूतला मुलगा आणि हा छावा, दोघांचीही आई जिवंत आहे हे तुमच्या ध्यानात आले असेल, तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत. मार्गदर्शिका इथेच मिटवली तरी चालेल.

कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे 1950 च्या दशकापासून समुद्री कासवांचा अभ्यास चालू आहे आणि स्वयंसेवकाला खरोखर काम असते. रात्री अंधारात मैलोन्मैल वाळू तुडवायची, गडद कपडे घालायचे, तांबड्या दिव्यात अंडी आणि कवचाची मापे मोजून वहीत लिहायची. फोटोला बंदी. मग जायचे कशाला? तसलेच काम करायचे तर मंडणगड तालुक्यातले वेळास आहे. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पण वेळासला एसटी जाते. निबंधात काय लिहिणार?

पायरी सहावी: फोटो

तुम्ही मध्ये, मुले सभोवती, कुणाचेही नाव नाही. ओळ लिहावी, ‘मी त्यांना शिकवायला गेले आणि त्यांनीच मला शिकवले.’ काय शिकवले ते लिहू नये. आपल्या भाचीचा असा फोटो एखाद्या जर्मन पाहुण्याने विचारल्याशिवाय काढून जगभर लावला तर काय वाटेल, हा विचार फोटो टाकून झाल्यावर करावा. नॉर्वेच्या काही विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये एक खोडसाळ गाणे केले. त्यात आफ्रिकेतले लोक थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी हीटर गोळा करतात. ते पाहून हसू आले तर हसावे, पण मनाला लावून घेऊ नये.

पायरी सातवी: ज्यांचे अनुकरण टाळावे अशी माणसे

या वाटेवर काही वाईट उदाहरणे होऊन गेली आहेत. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हे त्यांतले ठळक. एक तर ते आधी डॉक्टर झाले आणि मग चीनला गेले. दुसरे, चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते, म्हणून गेले. 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, युद्धाच्या आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या तरुणांना वैद्यक शिकवले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. निबंध पाठवायला वेळच मिळाला नाही.

अमेरिकेची पीस कोअर 1961 पासून माणसे पाठवते. तिथे सुमारे तीन महिने भाषा आणि कामाचे शिक्षण, मग दोन वर्षे नेमणूक. इतका वेळ कुणाकडे असतो? आणि इव्हान इलिच या पाद्र्याने तर कहर केला. 1968 मध्ये मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्याने सांगितले की पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांनी त्याला भाषणाला बोलावले होते, त्यांच्याच तोंडावर.

शेवटचा शब्द

मार्गदर्शिका संपली. आता थट्टा पुरे. जायचे असेल तर चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढा. हे काम तिथल्या माणसांनी मागितले आहे का? हेच काम तुम्हाला इथे करू देतील का? तिथली भाषा शिकण्याइतके आणि कामाला येण्याइतके महिने तुमच्याकडे आहेत का? तुम्ही परतल्यावर ते काम कोण करणार आहे? चारही उत्तरे नीट आली तर खुशाल जा. जगाला तुमची गरज आहे. एकही अडले तर पर्यटक म्हणून जा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. गावातल्या घरात उतरा, वाटाड्याला पुरते पैसे द्या, जेवा, भाव फार पाडू नका. तेवढ्यानेही कुणाचे तरी घर चालते. फक्त तिकीट काढून छाव्याला कुशीत घेऊ नका, आणि बालगृहाचा फेरफटका कुणी सहलीत घातला असेल तर तो रद्द करायला लावा.