कंट्रोल कोणाकडे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, ब्रिटिशांनी गोंदियाजवळच्या बिरसी येथे धावपट्टी बांधली. तेथील विमानतळावर पुढे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली. अशा प्रशिक्षणाचा पाया दुहेरी नियंत्रण हा असतो, म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा शेजारी बसतात, विमान वळवण्याचा दांडा दोघांपुढेही असतो, परंतु एका वेळी एकानेच विमान चालवायचे असते. म्हणून ताबा सोपवताना एकाने ‘यू हॅव कंट्रोल’ आणि दुसऱ्याने ‘आय हॅव कंट्रोल’ असे मोठ्याने म्हणण्याची जगभर शिस्त आहे.

ही शिस्त आकाशातून सरकारी व खाजगी कार्यालयांच्या सभागृहांत अद्याप उतरलेली नाही. तेथे संगणक-प्रशिक्षणाच्या वेळी भिंतीवर सर्वांसाठी एक पडदा असतो आणि त्यावर ‘दूरनियंत्रण’ चालते, म्हणजे पडद्याला जोडलेला संगणक आपले चित्र दूरच्या यंत्राकडे पाठवतो, तर तिकडून माउसच्या हालचाली आणि दाबलेल्या कळा येत राहतात. संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत मेनलो पार्कमधील सहकाऱ्यासह एकाच पडद्यावर काम करून दाखवले, आणि केंब्रिजमधील प्रयोगशाळेत घडलेल्या व्हीएनसी प्रणालीने 1990च्या दशकाअखेर हे तंत्र सर्वसामान्यांच्या हाती दिले. मात्र त्यात अध्यात्माची भर घालण्याचे श्रेय आपल्या कार्यालयांनाच द्यावे लागते.

कारण येथील पडद्याचा कर्ता अदृश्य असतो. बाण आपोआप फिरतो, खिडक्या उघडतात आणि मिटतात, आणि चाळीस कर्मचारी ही लीला हात जोडून नव्हे, तरी हात बांधून पाहतात. पडद्याचा रिमोट साहेबांच्या खणात, खणाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक रजेवर, अशी ताब्याची उतरंड असल्याने आवाज वाढवण्याचा प्रस्तावही टिपणीवर मांडावा लागतो. वैमानिकांप्रमाणे येथेही ठरावीक वाक्ये उच्चारली जातात, ‘दिसतंय का?’ आणि ‘आवाज येतोय का?’ ही त्यांतील प्रमुख होत. फरक इतकाच, की विमानातील वाक्यांनी जबाबदारी कोणाची हे ठरते, तर सभागृहातील वाक्यांनी ती कोणाचीच नाही हे ठरते.

या व्यवस्थेत शिकणाऱ्याने चूक करण्याची सोय नसते, कारण त्याला काही करण्याचीच सोय नसते. दांड्याला हात न लावता वैमानिक होता येत नाही, पण कळेला हात न लावता संगणक-प्रशिक्षित होता येते. शिवाय बिरसीच्या आकाशात शिक्षकही त्याच विमानात बसलेला असतो. दूरनियंत्रण करणारा प्रशिक्षक मात्र जोडणी तुटताच एकटा सुखरूप उतरतो, आणि मागे राहिलेले प्रवासी काळ्या पडद्याखाली हजेरीपत्रकावर सह्या करतात.