तीन लिफाफे

‘टेंडर’च्या जागी ‘निविदा’ हा शब्द ज्याने कोणी योजला, तो श्रौतयाग पाहून आलेला असावा, असा माझा वहीम आहे. कारण वैदिक यज्ञात देवतेचे गुण वर्णून तिला पाचारण करण्यासाठी जी लहानशी गद्यसूत्रे ‘शस्त्र’ नावाच्या स्तुतिपठणात घालीत, त्यांना ‘निविद्’ म्हणत, आणि मक्तेदाराला पाचारण करण्याचा आमचा विधीही मंत्र, मुहूर्त व दक्षिणा यांवाचून पार पडत नाही.

वाचनालयाचा चिटणीस या नात्याने पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्याचे काम माझ्या गळ्यात आले, तेव्हा किमान तीन निविदा आल्याखेरीज काम देऊ नये, असा ठराव दफ्तरी होता. मी जाहीरनामा लिहिला. मुदत, बयाणा, मोहोरबंद लिफाफा हे सारे आलेच. शिवाय ‘कोणतीही निविदा कारण न देता नामंजूर करण्याचा अधिकार मंडळ राखून ठेवीत आहे’ हे वाक्य, जे लिहिताना चार आणे वर्गणीच्या संस्थेचा चिटणीसही क्षणभर गव्हर्नर होतो. मंडळावरील वकिलांनी सांगितले की, १८७२च्या करार कायद्याप्रमाणे जाहीरनामा हे नुसते आवतण. प्रस्ताव निविदा भरणाराचा, आणि आपला होकार त्याला कळविला की करार. माझ्या लग्नात क्रम थोडा निराळा होता, पण तो विषय मी तहकूब ठेवला.

मुदतीच्या दिवशी मंडळासमक्ष लिफाफे फोडले. आकडे १४०, १५५ आणि १७० रुपये, अगदी चढत्या भाजणीने. मात्र तिन्ही लिफाफ्यांच्या लाखेवर एकाच रुपयाचा ठसा, बादशहाच्या नाकाशी तोच चरा. तिन्ही कागदांवर जांभळी शाई, आणि तिन्हींत ‘कौले’ऐवजी ‘कवले’. लिलावात माणसे एकमेकांदेखत भाव चढवितात, निविदेत एकमेकांपासून लपवून उतरवितात; येथे लपविणारा आणि ज्याच्यापासून लपवायचे तो, दोघे एकाच धोतरात नांदत होते.

१४० वाल्याला बोलावून मी दरडावले, तेव्हा तो म्हणाला, “एक मेव्हण्याची. त्याला लिहिता येत नाही, म्हणून मीच लिहिली. दुसरीही माझीच म्हणा. तीन आल्याशिवाय उघडणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होता ना, अण्णा?”

वकिलांनी चष्मा पुसला. राखून ठेवलेला अधिकार बजावावा, तर मृग चार दिवसांवर आलेला, आणि पंचक्रोशीत कौले चाळणारा दुसरा नाही.

कौले त्याने उत्तम चाळली. कार्यवृत्तात मी लिहिले, ‘तीन निविदा आल्या, पैकी सर्वांत कमी दराची मंजूर.’ वर्षअखेर हिशेबतपासनिसांनी त्या ओळीपुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण केली, आणि इतर कामांतही हीच पद्धत अवलंबावी, असा शेरा मारला.