गाळाचे वैभव

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साचला, आणि पाटबंधाऱ्यांच्या हिशेबी जी तूट होती तिच्यावर पाणपक्ष्यांनी बिऱ्हाड थाटल्याने नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे १९७१ च्या रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पायवाट तुडवून निरीक्षण मनोऱ्यावर चढलेला पर्यटक तेथील शांततेची वाखाणणी इतक्या उंच स्वरात करतो की, हिमालयापलीकडून आलेल्या चक्रवाकांना पैलतीर गाठावा लागतो. रोहित पक्षी न दिसल्यास मात्र वनरक्षकाला जाब विचारला जातो, जणू तो पक्षी वनखात्याच्या आस्थापनेवरील, पूर्वपरवानगीविना रजेवर गेलेला कर्मचारीच असावा.