आठ बाय चोवीस

काकांच्या गळ्यात काहीच नसतं. रविवारी सकाळी साडेसहाला पाषाण तलावावर बाकीची मंडळी मोहिमेवर निघाल्यासारखी येतात. कुणाच्या खांद्यावर ट्रायपॉड, कुणाच्या हातात सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि त्या लेन्सला पानाफुलांच्या छापाचं झबलं. काका मात्र बँकेत पासबुक भरून घ्यायला आल्यासारखे उभे. मग पलीकडच्या बाभळीत काहीतरी हलतं. काकांचा हात शर्टाच्या खिशात जातो आणि लाइटबिलाच्या पावतीबरोबर ती बाहेर येते. काळी, तळहातात मावणारी, कडांचा रंग उडून आतला धातू दिसणारी.

"आठ बाय चोवीस," काका म्हणतात. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे काका तिला कधी दुर्बीण म्हणत नाहीत.

असा एक काका प्रत्येक गावात असतो. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी बघायला जा, भिगवणला होडीत बसा, हा भेटतोच. ही माणसं निवृत्त असतात, पण त्यांचा निवृत्तीशी संबंध नसावा. पंचविसाव्या वर्षीही ती अशीच निवृत्त दिसत असणार.

त्यांच्याजवळ उभं राहून "नवीन घ्या की एखादी" असं म्हणू नये. मी म्हणालो. मग खंड्या, धीवर, पाणकावळे सगळे उडून गेले, ऊन चढलं, आणि मी इटलीच्या इग्नात्सिओ पोरोपर्यंत पोचलो. पोरोसाहेबांनी 1854 साली प्रिझमच्या जोडीने उलटं चित्र सुलटं करायची युक्ती काढली. म्हणून जुन्या दुर्बिणींच्या नळ्या गुडघ्यात वाकल्यासारख्या दिसतात. छोट्या दुर्बिणीत तोच गुडघा आतल्या बाजूला वळवला, की पुढची भिंगं एकमेकांना खेटून बसतात आणि सगळा संसार खिशात मावतो. आणि छोट्या दुर्बिणींचा विषय निघाला, की निकॉन म्हणजे कॅमेरे, असं समजणाऱ्यांची काकांना कीव येते. त्या कंपनीने पूर्वीच्या नावाने, मुठीत मावणारी मिक्रॉन दुर्बीण 1921 मध्येच काढली होती. कॅमेरा त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळाने आला. काका हे अशा सुरात सांगतात, की कॅमेरा काढून ते लोक जरा वाहवतच गेले.

"आता त्या सरळ नळीच्या दुर्बिणी बघा. दिसायला झकास. पण त्यांच्या प्रिझममध्ये प्रकाशाच्या लाटांचा मेळ बिघडतो, चित्र किंचित मळकं येतं. त्यावर खास लेप द्यायची विद्या यायला 1988 उजाडलं. आमच्या पोरोला तो लेप लागतच नाही. जिला दुखणंच नाही तिला औषध कशाला?"

हे मात्र खरं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची चांगली जपानी गुडघेवाली आजही स्वस्तातल्या नव्या सरळ नळीला लाजवते. काका बरोबर असतात, हाच त्यांच्या सहवासातला मुख्य त्रास.

"चोवीसला आठाने भागा." मी भागलं. "तीन. म्हणजे तीन मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो. दिवसा आपली बाहुली तेवढीच उघडी असते. त्या जोशीबुवांकडे सात बाय पन्नास आहे. सात मिलिमीटर झोत! माणूस सत्तरीचा. बाहुली अंधारातसुद्धा तेवढी उघडत नाही आता. उरलेला प्रकाश गालावर सांडतो."

काकांनी आपली आठ बाय चोवीस जुन्या बाजारात घेतली. ती खरेदी ते मुलगी बघायला गेल्यासारखी सांगतात. आधी कानाशी धरून हलवली. प्रिझम सुटलं असलं तर आत खुळखुळतं. मग उलट्या बाजूने उजेडाकडे धरली. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मग रस्त्यापलीकडच्या कौलांची कड दोन्ही डोळ्यांनी एकच दिसते ना, ते पाहिलं. शेवटी भाव विचारला, आणि भाव ऐकून ती खाली ठेवली. दुकानदाराने पाठीमागून हाक मारेपर्यंतची अकरा पावलं काका आजही चालून दाखवतात. जपानी तपासणी संस्थेचा सोनेरी लंबगोल 'पास्ड' कागद तिच्यावर अजून शाबूत आहे. त्यावर कुणाचा अंगठा आला, की काकांच्या घशातून टिटवीसारखा आवाज निघतो.

एकदाच ती पायरीवरून पडली आणि दोन नळ्यांची नजर फाकली. काकांनी ते मान्य केलं नाही. त्या हिवाळ्यात त्यांच्या वहीत सगळे पक्षी जोडीने आहेत. एकटा म्हणून प्रसिद्ध असलेला नीलकंठसुद्धा. डोकं दुखायला लागलं तेव्हा काकूंनी चष्म्याचा नंबर तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हटल्यावर मग सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे ती तीन आठवडे राहिली. ते तीन आठवडे काका तलावावर आले नाहीत. सुतक कुणाचं, असं आम्ही विचारलं नाही.

पावसाळ्यात ती मेतकुटाच्या डब्यात राहते. घरातला सर्वांत घट्ट झाकणाचा डबा तोच. बुटांच्या खोक्यांतल्या, औषधांच्या बाटल्यांतल्या दमट हवा शोषणाऱ्या पुड्या गोळा करून काकांनी तिला गादी केली आहे. डब्यावरची 'मेतकूट' ही चिठ्ठी तशीच. काकूंच्या भाचीने एकदा गरम भातावर घ्यायला तो उघडला होता.

काका दुर्बीण कुणाला देत नाहीत, असं कुणी म्हणेल तर ते खोटं. देतात, पण विधिवत. "आधी मधला सांधा वाकवा. अजून. दोन वर्तुळांचं एक झालं? आता उजवा डोळा मिटा. मधलं चाक फिरवून डाव्याने स्पष्ट करा. आता डावा मिटा. उजवीकडची कडी फिरवा. चाकाला हात नका लावू!" तोवर हळद्या उडून जातो, फांदी हलायची थांबते, आणि तुम्हाला त्या फांदीची साल अप्रतिम दिसते. "बघा!" काका म्हणतात. पक्षी गेल्याचं त्यांना फारसं वाटत नाही.

एक उणीव आहे, ती ते बोलून दाखवत नाहीत. या जुन्या छोट्या दुर्बिणींना डोळा अगदी चिकटवावा लागतो. चष्मा घालून बघितलं तर कुलपाच्या भोकातून पाहिल्यासारखं दिसतं. म्हणून काका चष्मा कपाळावर सारतात, पक्षी बघतात, दुर्बीण खाली घेतात आणि जग धूसर झालेलं बघून दर वेळी दचकतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. काकू बाल्कनीत उभ्या होत्या, आठ बाय चोवीस डोळ्यांना लावून. सांधा नाही, चाक नाही, कडी नाही. खाली गाडीवर गवार कशी आहे ते बघायला त्या ती रोजच घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"अहो, शेवग्यावर चष्मेवाला आलाय. दोन आहेत."

"एकच असेल. दोन का दिसतायत? पाडलीस की काय?" म्हणत काका आतून धावले. हात आधी छातीवर गेला, मग टेबलावर, मग टीव्हीवर. "कुठाय? अगं, कुठाय?"

काकूंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

"चष्मेवाला शेवग्यावर. चष्मा कपाळावर."